क्लच जड झालाय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे करून बघा

नागपूरच्या व्हरायटी चौकातल्या सिग्नलला माझा डावा पाय थरथरायला लागला, तेव्हा आधी वाटलं वय झालं. मग मुलीने गाडी चालवायला घेतली आणि पंचशील चौकापर्यंत पोचेस्तोवर तीही म्हणाली, "बाबा, हा क्लच आहे का जिमचं मशीन?" तेव्हा कळलं, दोष पायाचा नाही.

गाडी 1994 ची मारुती 800, एमएच 31, कार्ब्युरेटरवाली. 1983 च्या डिसेंबरात पहिली 800 रस्त्यावर आली, 1986 मध्ये तिचं रूप बदललं आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. आता लोक हिला क्लासिक म्हणतात, आम्हालाही बरं वाटतं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद मात्र 50 वर्षं ओलांडलेल्या गाडीलाच मिळते, म्हणजे कागदावर आमची अजून नुसती जुनी.

पहिल्या मेस्त्रीने पेडल एकदा दाबलं आणि निकाल दिला. "भाऊ, प्लेट गेली. गिअरबॉक्स खाली घ्या लागते. पूर्ण सेट टाकून घ्या, मोकळे व्हा." बोनेट उघडलं नाही, काही सोडलं नाही. मी गाडी घरी आणली आणि रविवारी सकाळी स्वतः बसलो. प्लेट शाबूत निघाली. खराब होती ती केबल, म्हणजे या गाडीतल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. तेव्हापासून ओळखीच्या तीन-चार गाड्यांचे क्लच बघून झाले. ज्यांनी आजवर पाना हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण 800 चं आहे, पण केबलवर चालणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला पद्धत हीच.

आधी यंत्र समजून घ्या

पेडल म्हणजे एक लांब दांडा, वर खिळीवर लटकलेला. तुम्ही खाली दाबता तेव्हा त्याचं वरचं टोक केबल ओढतं. केबल फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून पलीकडे जाते आणि गिअरबॉक्सवरचा एक लिव्हर ओढते. लिव्हरचा शाफ्ट आत जातो, त्यावर फोर्क असतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीच्या, पोलादी बोटांवर दाब देतं. बोटं दबली की क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनचं चाकांशी नातं तुटतं.

सुरळीत गाडीत पायाला जो जोर लागतो तो जवळजवळ सगळा त्या बोटांच्या स्प्रिंगसाठी. वाटेत कुठे घर्षण वाढलं तर ते त्यात मिळतं आणि पायाला कळत नाही की कोणता जोर कशाचा. म्हणून पाय हे निदानाचं हत्यार नाही. हात आहे. गाडीचे तीन भाग करायचे, पेडल, केबल आणि गिअरबॉक्सकडची बाजू, आणि प्रत्येक भाग वेगळा सोडून हाताने हलवून बघायचा. जिथे हाताला अडेल तिथे रोग.

सामान आणि वेळ

10, 12, 14 चे पाने, एक पक्कड, टॉर्च, ग्रीसची छोटी डबी, गंज सोडवणाऱ्या तेलाचा स्प्रे, जुनं फडकं, स्टीलची पट्टी आणि पाठीखाली घालायला सतरंजी. सोबत एक माणूस हवा, "दाब" म्हटलं की पेडल दाबणारा आणि "सोड" म्हटल्यावर सोडणारा. माझ्याकडे भाचा होता. त्याला तर्री पोह्यांचं आमिष दाखवावं लागलं.

मे महिन्यात हे काम काढायचं तर सकाळी सहाला काढा. नऊनंतर नागपुरात बोनेटला हात लावता येत नाही आणि पेडलखाली डोकं घालून उलटं पडल्यावर तर भट्टीच. मी तसा पडलेलो असताना शेजारच्या काकू फाटकातून ओरडल्या, "काय रे, पडला का? काय करून राह्यला?" पाय बाहेर आणि डोकं आत, असा माणूस बघितला की कोणीही घाबरेल.

गाडी सपाट जागी उभी करा. किल्ली काढून खिशात, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना विटा. वरून हात पोचत असेल तर गाडीखाली जायची गरज नाही. जावंच लागलं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही, स्टँड हवाच.

सुरुवात पायाखालून

हसू नका, पण आधी मॅट उचला. एका मित्राच्या गाडीत कंपनीची मॅट, तिच्यावर रबराची मॅट आणि वर गालिचा, असे तीन थर निघाले. पेडल शेवटपर्यंत जातच नव्हतं आणि तो त्यालाच जड म्हणत होता. सीटही बघा. फार मागे असेल तर गुडघा सरळ होतो आणि साधा क्लचही जड लागतो. ओळखीत दुसरी 800 असेल तर तिच्यात बसून चार वेळा दाबा. तुलना केल्याशिवाय जड म्हणजे किती जड ते कळत नाही.

आता इंजिन बंद ठेवून, काच वर करून, शांतपणे पेडल दाबा आणि ऐका. करकर आवाज वरून, डॅशबोर्डखालून आला तर पेडलची खिळी कोरडी. मधेच कट्कन काही सुटल्यासारखं वाटलं तर केबलचे पदर तुटताहेत. सोडल्यावर पेडल हळूहळू, आळस देत वर आलं तर वाटेत घर्षण आहे. फक्त स्प्रिंग कडक असेल तर पेडल पायाला ढकलत झटक्यात वर येतं. हा फरक लक्षात ठेवा. जाताना जड आणि येताना आळशी असेल तर बहुतेक गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

केबल सोडणं

बोनेट उघडा. फायरवॉलमधून बाहेर आलेली क्लचची काळी केबल शोधा आणि ती जाते तिकडे बोट फिरवत जा. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी ती संपते. तिथे आट्यांचं टोक आणि त्यावर नट दिसेल. काहीही सोडण्याआधी फोनवर चार-पाच फोटो काढा, केबल कुठून कुठे वळते ते दिसलं पाहिजे. बसवताना "ही या पाइपच्या वरून होती का खालून?" हा प्रश्न हमखास येतो.

नटाबाहेर आट्या किती उरल्यात ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग नट सोडा. इथे नवखे एक चूक करतात. नटासोबत आतली तारही फिरू देतात आणि तार पिळवटते. टोक पक्कडीने धरा आणि नटच फिरवा. नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा, सकाळी भांडत बसू नका.

केबल लिव्हरवरून निघाली की पेडलच्या हुकमधूनही सोडवा आणि मग तीन तपासण्या करायच्या.

पहिली, पेडल. हाताने दाबा. आता ते एका बोटाने हललं पाहिजे. अडत असेल तर खिळीचं बुश, म्हणजे खिळीभोवतीची छोटी नळी, कोरडं किंवा गंजलेलं आहे. खिळी काढून पुसा, घासाचे चरे बघा, ग्रीस लावा आणि परत बसवा. बुश अंडाकृती झालं असेल तर बदला. पेडल डावी-उजवीकडे डुलत असेल तर तीच खूण.

दुसरी, केबल. दोन्ही टोकं हातात धरून आतली तार पुढे-मागे ओढा. चांगली केबल लोण्यासारखी सरकते. खराब केबल मधेमधे अडखळते, वाळूत ओढल्यासारखी.

तिसरी, लिव्हर. गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने हलवा. काही मिलीमीटर मोकळा हलेल आणि मग टणक थांबेल. तिथे बेअरिंग बोटांना टेकलं, पुढे हाताने ढकलता येत नाही, तो प्रयत्न करू नका. बघायचं ते त्या पहिल्या काही मिलीमीटरांत. तेवढं अंतर मऊ आहे का? की लिव्हर जिथे सोडला तिथेच रुसून बसतो? बसत असेल तर शाफ्ट बुशमध्ये जाम झालाय. आपल्याकडे उन्हाळाभर बारीक धूळ बसते आणि जूननंतर काळ्या मातीचा चिखल तिच्यावर लेप देतो, त्यामुळे हा रोग इथे बराच दिसतो. शाफ्ट आत शिरतो तिथे घाण खरवडा, फडक्याने पुसा, तेलाचा छोटा फवारा मारा आणि लिव्हर हलवत राहा. रात्रभर ठेवा, पुन्हा हलवा. पण तेल ओतू नका. ते आत जाऊन क्लच प्लेटवर पडलं तर जड क्लच जाईल आणि घसरणारा क्लच मिळेल.

माझी केबल

पेडल मोकळं, लिव्हर मोकळा, म्हणजे चोर केबलच. बाहेरून ती अगदी धडधाकट होती, म्हणून तर कोणाला शंका आली नाही. बाहेर काढून उजेडात आणली तेव्हा टोकापासून साधारण दोन इंचांवर तार सुतळीसारखी उसवलेली दिसली. बारीक पदर बाहेर आलेले, काही तुटून मागे वळलेले. बोट फिरवलं आणि एक पदर नखाखाली शिरला. तेच पदर दर वेळी आवरणाच्या तोंडाला ओरबाडत होते. आत प्लास्टिकची नळी असते, तिला तारेने खाच पाडली होती आणि तार त्या खाचेत चिमटीत सापडल्यासारखी चालत होती.

शिवाय केबलचं एक वळण फार तीव्र झालेलं. मागे कोणीतरी तिला एका पाइपखालून कोंबली होती. केबलची जितकी वळणं, तितकं घर्षण, आणि ते नुसतं बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. म्हणून मोठा, सैल बाक नेहमी चांगला.

जुन्या केबलमध्ये तेल घालून ती वाचवता येते का? ज्या केबलच्या आत प्लास्टिकची नळी नाही, नुसतं पोलादी आवरण आहे, तिच्यात येतं. केबल उभी टांगा, वरच्या टोकाला पिशवीचा कोपरा बांधून नरसाळं करा, पातळ तेल घाला आणि खालून स्वच्छ थेंब पडेपर्यंत थांबा. आत नळी असेल तर जाड ग्रीस भरू नका. धूळ धरून त्याचं डांबर होतं. आणि एकही पदर तुटलेला असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडा. ती तार एक दिवस तुटणार, आणि तुटणार ती तुम्ही जोरात दाबाल तेव्हाच, म्हणजे भर चौकात.

तशी तुटलीच तर इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, समोर जागा मोकळी आहे हे बघा आणि स्टार्टर मारा. गाडी झटका देत चालू लागेल. पहिल्यातच हळू चालवत कडेला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. थांबायचं झालं तर इंजिन बंद करूनच. स्टार्टरला हे सोसत नाही, म्हणून गरजेपुरतंच.

नवी बसवताना

घाट रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी जुनी केबल हातात घेऊनच गेलो. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवायच्या. बाहेरचं आवरण आणि आतली तार, दोन्हींची लांबी वेगवेगळी जुळवायची, टोकांचा आकार बघायचा. दुकानदार म्हणाला, "लागून जाते ना भाऊ, सगळ्यांना हेच देतो." मी तरी मोजलं, आणि पहिली दिली ती एका बोटाने आखूड निघाली.

बसवायचा क्रम उलटा. आधी पेडलकडचं टोक, हुकला ग्रीसचा थेंब लावून. मग फायरवॉलमधून, तिथलं रबर नीट बसवून; ते नसेल तर पावसाचं पाणी आत येतं आणि पत्र्याची धार केबलला कापते. मग मोठ्या बाकात, एक्झॉस्टच्या गरम पाइपापासून लांब ठेवत लिव्हरपर्यंत. नट लावण्याआधी तार पुन्हा एकदा हाताने ओढून बघा. बसवल्यावर अडत असेल तर वाट चुकलीय.

प्ले लावणं

निम्मे लोक इथे घाई करतात. पेडल दाबल्यावर सुरुवातीला थोडं अंतर रिकामं, बिनजोराचं गेलं पाहिजे. मेस्त्री त्याला प्ले म्हणतात. तो नसेल तर बेअरिंग कायम बोटांवर घासत राहतं आणि लवकर मरतं, प्लेटही घसरते. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खर्र आवाज येतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो, तोच प्रमाण. मी माझ्या गाडीत साधारण 20 मिमी ठेवतो.

मोजायचं असं. पट्टी पेडलशेजारी उभी धरा आणि पेडल दोन बोटांनी दाबा, पायाने नाही. जोर लागायला सुरुवात होते तिथपर्यंतचं अंतर बघा. नट थोडा घट्ट केला की प्ले कमी, सैल केला की जास्त. अर्धा फेरा फिरवा, पेडल दहा वेळा दाबा, पुन्हा मोजा. जमलं की लॉकनट, म्हणजे पहिल्या नटाला जागीच अडकवणारा दुसरा नट, घट्ट.

इथेच नटाच्या आट्या एक गोष्ट सांगतात. केबल ताणली गेली की प्ले वाढतो आणि नट घट्ट करत न्यावा लागतो. प्लेट झिजली की उलटं होतं. प्रेशर प्लेटची बोटं बाहेर येतात, प्ले कमी होतो आणि नट सैल करत जावं लागतं. सोडण्याआधी आट्या मोजून ठेवायला सांगितलं ते म्हणूनच. सैल करायला आट्याच उरल्या नसतील तर प्लेटचे दिवस भरलेत.

आता इंजिन चालू करा. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच सुटतोय. मग समोर मोकळी जागा ठेवून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवरही पाय ठेवून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचके खाऊन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच घ्या. पुन्हापुन्हा घेतली तर चांगली प्लेटही जळेल.

तिन्ही भाग मोकळे, तरी जड

असं झालं तरच मेस्त्री बरोबर. प्लेट झिजत जाते तसा प्रेशर प्लेटची बोटं दाबायचा जोर वाढतो, म्हणून फार चाललेला क्लच जड होत जातो. कधी बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती कोरडी पडलेली असते, कधी फोर्क वाकलेला असतो, कधी मागच्याने दुसऱ्याच गाडीची प्रेशर प्लेट बसवलेली असते. गिअरबॉक्स उतरवणं नवख्याचं काम नाही, गॅरेजला द्या. पण तिथे उभे राहा आणि जुने भाग मागून घ्या. बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर लागते का. बोटांच्या टोकांना खोल चरे आहेत का ते बघा. एवढं उघडलंय तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. एकासाठी दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी दुप्पट. इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल गळतंय का तेही तेव्हाच बघून घ्या. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, जुन्या प्लेटांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

तुमच्या गाडीला केबल नसून क्लचच्या तेलाची डबी असेल तर रोग वेगळा. तिथे पेडलकडचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर आणि मधला रबरी पाइप बघायचा. तो पाइप आतून फुगला की तेल जाताना आणि येताना अडतं आणि पेडल जड, आळशी होतं. डबीत पुस्तकात सांगितलेलं ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल घातलं तर आतली रबरं फुगून सगळंच बाद होतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा.

नंतरचे दोन-तीन आठवडे

एक सवय सोडा. पुलावर चढताना, सिग्नलला, पाय क्लचवर टेकवून ठेवायचा नाही. वर्धा रोडच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या थांबल्या की अर्धं नागपूर हाफ क्लचवर गाडी तोलत उभं असतं. हँडब्रेक त्यासाठीच दिलाय.

नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणजे ताण घेऊन लांबते आणि आवरण आपल्या जागी रुततं. दोन-तीनशे किलोमीटर झाले की पट्टी घेऊन प्ले पुन्हा मोजा. माझ्या गाडीत 20 चा 26 झाला होता. नट एक फेरा घट्ट केला, लॉकनट आवळला, हात धुतले.